मनोहरबुवांची सतरा अक्षरं

“पण सहा कशी झाली, भंतेजी?”

“तुम्हीच मोजा.”

मनोहरबुवा खोड्यांनी उजव्या हाताची पेरं पुन्हा अंगठ्यानं चाचपली. “दि... वा... मा... ल... वे... हो.”

“हा ‘हो’ कुणी सांगितला?”

“आपोआप येतो. कीर्तनात ओळ संपली की...”

“हे कीर्तन नाही.”

बुवा ओशाळले. त्यांच्या कीर्तनाला ट्रॅक्टर भरभरून माणसं यायची. एका अभंगावर हा माणूस तीन तास बोलायचा आणि वर ‘वेळेअभावी थांबतो’ म्हणायचा! तोच आज टेकडीवरच्या विहाराच्या पायरीवर बसून पाच अक्षरांशी झटत होता. काय वेळ येते बघा माणसावर.

भंते उपसेन उमेदीच्या काळात जपानला राहून आलेले. तिकडची हायकू ते येईल त्याला शिकवत. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पाच. संपली कविता. बुवांनी ऐकलं आणि सकाळची पहिली एस.टी. धरून आले.

“एवढी घाई कसली?” भंत्यांनी विचारलं.

“परवा नागपुरात ऑपरेशन आहे. घशाचं.” बुवांचा हात गळ्याशी गेला. “डॉक्टर म्हणतात, आवाज राहील... नाहीतर नाही राहणार. म्हणून म्हटलं, त्याआधी तिला एवढं तरी द्यावं. सतरा अक्षरं.”

“तिला म्हणजे?”

“आमच्या मंडळींना. कौतिकाला.”

अंगणापलीकडे, पिंपळाजवळच्या बाकावर, कौतिकाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

“साऱ्या जिल्ह्याशी बोललो, भंतेजी. घरी जायचो तेव्हा घसा बसलेला असायचा. तिच्याशी बोलायचं राहूनच गेलं.”

“आवाजाचं त्यांना ठाऊक आहे?”

“किरकोळ गाठ आहे म्हणून सांगितलंय. उगीच घाबरायची.”

“कोण?”

बुवा पुन्हा पेरं मोजू लागले.

“पूर्ण म्हणा बघू,” भंते म्हणाले.

बुवा ताठ बसले. “दिवा मालवे... अंधारी तुझी स्मृती... चंदनगंध.”

या खेपेला त्यांनी ‘हो’ गिळला. अक्षरं चोख बसली. बुवांचा चेहरा खुलला.

“बरोबर?”

“मोजणी बरोबर. बाई चंदन लावतात?”

“नाही... चंदनानं तिला शिंका येतात.”

भंते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं बुवांना वाटलं.

“दुसरी करतो! थांबा. नदीकिनारी... नको. कमळ... कमळ तरी कुठलं आमच्याकडे!” अंगठा पेरांवरून भराभरा पळू लागला. कपाळावर घाम आला. “भंतेजी, नाहीच जमली तर? परवा मला टेबलावर झोपवतील आणि हे तोंडातल्या तोंडात राहील. सांगा ना काहीतरी! गुरू मानून आलोय तुमच्याकडे!”

भंते उठले. माठातून त्यांनी तांब्या भरला, अगदी काठोकाठ, आणि बुवांच्या दोन्ही हातांत दिला.

“इथे येणाऱ्यानं बोधिवृक्षाला पाणी घालायचं, अशी रीत आहे. वाटेत सांडायचं नाही.”

“आणि कविता?”

“पाणी घाला आधी.”

बुवा निघाले. अंगण ते केवढं! पण पाणी हिंदकळायला लागलं. बुवा थांबले, पुन्हा चालू लागले, पुन्हा थांबले. ते पाहून कौतिकाबाई बाकावरून उठल्या आणि समोर येऊन उभ्या राहिल्या.

“तुमचे हात कापून राहिले.”

“काही नाही. भरलेला आहे ना...”

“किरकोळ गाठ आहे म्हनता. मंग हात काऊन कापतात?”

बुवांचा अंगठा पेरं शोधू लागला. पण दहाही बोटं तांब्याला जखडलेली.

पाणी त्यांच्या पायांवर सांडलं.

“भेव लागते,” बुवा म्हणाले.

हा घरचा शब्द. कीर्तनात त्यांनी तो कधी उच्चारला नव्हता, आणि घरी तर नाहीच नाही.

कौतिकाबाई आणखी जवळ आल्या.

“आवाज गेला तर?” बुवांनी विचारलं.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. दोन्ही हात तांब्याखाली, नवऱ्याच्या हातांखाली धरले.

“तरी ऐकीन.”

बुवांना रडू फुटलं. भरल्या मांडवात हुकमी पाणी आणायचे डोळ्यांत, तसलं नव्हे. नाक गळलं, तोंड वेडंवाकडं झालं. लाज वाटली त्यांना, आणि फार बरंही वाटलं.

मागे पायरीवर भंत्यांचा अंगठा पेरांवरून सरकत होता. पाच... सात... पाच... मग तो थांबला.

दोघांनी मिळून उरलेलं पाणी पिंपळाच्या बुंध्याशी ओतलं. बुवांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि वळून पाहिलं.

“कविता काही जमली नाही, भंतेजी. जाऊ द्या. पण आता हिला सगळं सांगतो. अगदी लग्नाच्या दिवसापासून...”

त्यांनी घसा खाकरला.

भंत्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“गप, बुवा. तुमची दोघांची मिळून सतरा झाली. एक अक्षर वाढवाल, तर मोडेल.”