विरहासाठी माहेरी

"मन उदास नसेल तर कविता होतेच कशी, बुवा?"

विसाजी मठात शिरला तो हे विचारतच. गुरूच्या पाया पडायचंही त्याला सुचलं नाही.

गोरखबुवा पडवीत बसून तूर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं?"

"लग्नाआधी रोज लिहायचो. आता घरी गेलं की पान वाढलेलं, बायको हसतमुख... सुख आलं आणि शब्द आटले."

"मग?"

"मग सगुणेला माहेरी धाडली."

बुवांचा हात थांबला. "भांडलास?"

"छे हो! भांडायला कारण तरी हवं ना. म्हटलं, जा, आईवडिलांना भेटून ये. विरह झाल्याशिवाय कविता येईना, काय करणार?"

लोक तहान लागल्यावर विहीर खणतात. या पठ्ठ्याने विहिरीसाठी तहान लावून घेतली होती.

"आली का कविता?"

विसाजीने घसा खाकरला आणि म्हणून दाखवली. तिच्यात चंद्र होता, चकोर होता, सुन्या शेजेवर कोमेजलेली फुलंही होती. म्हणताना त्याने डोळे मिटून घेतले होते.

बुवा तूर निवडत राहिले.

"कशी वाटली?"

"खडे फार आहेत."

विसाजीचा चेहरा पडला. "उदासी अजून मुरायला हवी, मलाही कळतंय. पण सासऱ्यांचा निरोप आलाय. विचारतात, न्यायला कधी येता? पोरीचं काही चुकलं का? आता काय कळवू? ती आली की कविता गेली..."

बुवांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"जाताना ती काय म्हणाली?"

"कोण?"

"सगुणा."

"काही नाही. आपलं साधंच."

"सांग."

विसाजी आठवू लागला.

"बैलगाडीत बसली होती. मग पुन्हा खाली उतरली... म्हणाली, 'दुधाला विरजण लावलंय. एकट्यापुरतंच लावलंय.'"

शेवटच्या शब्दाला त्याची जीभ अडखळली. तो स्वतःच दचकला. त्या दिवशी त्याने नुसतं "बरं" म्हटलं होतं आणि आत जाऊन बोरू हातात घेतला होता.

त्याला स्वतःची फार लाज वाटली. तिची आठवणही आली, पहिल्यांदाच, न बोलावता.

तो घाईने उठला. "निघतो, बुवा. आत्ता निघालो तर दिवस मावळायच्या आत तिच्या गावी पोचेन."

बुवांनी सूप बाजूला सारलं. उपरण्याने डोळे टिपले आणि त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"जाशील रे... आधी ते विरजणाचं पुन्हा म्हण."