हाक

“झाडावरून पडलात तेव्हा तुम्ही हसलात म्हणे, बुवा. खरं का हे?”

विचारणारे गृहस्थ संगमनेरहून आले होते. हात जोडून, खाटेपासून जरा लांबच उभे होते.

खाटेवर केरुबुवा उताणे पडलेले. मानेखालचं अंग असून नसल्यासारखं.

“हसलो?” बुवा म्हणाले. “ओरडलो की! नदीपलीकडं ऐकू गेलं असेल.”

गृहस्थ गोंधळले. त्यांनी बुवांच्या शिष्याकडे, अच्युतकडे पाहिलं. हसण्याची ती गोष्ट त्यांना अच्युतनंच सांगितली होती.

बुवांचे डोळे लुकलुकले.

“जरा जवळ या. नाकाला खाज सुटलीय. खाजवता?”

गृहस्थांनी बिचकत हात पुढे केला. पण त्याआधीच अच्युत खाटेशी पोचला होता. त्यानं बुवांचं नाक हलकेच खाजवलं, कपाळ टिपलं, उशी सारखी केली.

“आता बुवांना विश्रांती हवी,” तो म्हणाला.

गृहस्थ नमस्कार करून निघून गेले.

बुवा बराच वेळ दाराकडे बघत राहिले...

प्रवरेकाठच्या त्या मठात बुवांचा सारा जन्म गेला. मठ कसला, दोन खोल्या आणि ओसरी. बुवा भजनं शिकवायचे, पोरांना पोहायला शिकवायचे, जत्रेत पंगतीला स्वतः वाढायचे. हसायचे तर असे, की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाया मान वर करून बघायच्या.

अच्युत पुण्यात तर्कशास्त्र शिकवायचा. नोकरी सोडून आला तो प्रश्नांचं ओझं घेऊनच.

“आत्मा म्हणजे नेमकं काय?” त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“पोहता येतं?” बुवांनी विचारलं.

“नाही.”

“मग आधी पाण्यात चल.”

अच्युतनं नाकातोंडात पाणी जाईपर्यंत धडपड केली. बुवांनी त्याला दंडाला धरून वर काढलं आणि पोट धरून हसले. अच्युत चिडला. पण गेला नाही.

मग ती चैत्रातली सकाळ आली. बुवा चिंचा पाडायला झाडावर चढले होते. खाली पोरं ओट्या पसरून उभी. फांदी मोडली. बुवा मानेवर पडले.

दवाखान्यातून ते परत आले ते चौघांच्या खांद्यावर. हात गेले, पाय गेले. श्वास आखूड झाला, आवाजही गेल्यातच जमा. शेजारच्या खोलीत पोचेल एवढाच उरला.

सुरुवातीला बुवा रडायचे. भिंतीकडे तोंड करून पडायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. अच्युत हे कुणाला सांगायचा नाही.

एका दुपारी कुणाची तरी शेळी आत शिरली. देवाच्या तसबिरीचा हार तिनं ओढला आणि झेंडूची फुलं शांतपणे चावत बुवांकडे बघत उभी राहिली. बुवा तिच्याकडे बघत होते. बघता बघता त्यांचं तोंड उघडलं, डोळ्यांत पाणी आलं. हसत होते ते. आवाज नव्हता. पण हसत होते.

त्या दिवसापासून बुवांचं हसू परत आलं.

सगळं गाव यायचं तेव्हा. कुणी भरवायचं, कुणी कुशीवर वळवायचं, कुणी नुसतंच गप्पा मारत बसायचं. अच्युतला ते बघवत नसे. वळवताना बुवांचा हात अंगाखाली अडकायचा. भरवताना पेज गळ्यावर सांडायची.

“राहू द्या. मी आहे ना,” तो म्हणायचा.

मठाला लागून हौसाबाईंचं रान होतं. त्या एकदा आंबील घेऊन आल्या. अच्युतनं दारातच सांगितलं, “चालत नाही त्यांना.” हौसाबाईंनी आत डोकावून पाहिलं. बुवा त्यांच्याकडेच बघत होते. त्या तांब्या घेऊन माघारी गेल्या.

हळूहळू लोक यायचे थांबले. दुसरे शिष्यही पांगले. कधीमधी कुणी परगावचं यायचं, तेवढंच. बुवांच्या पाठीवर कधी जखम झाली नाही, अशी अच्युतची सेवा. डॉक्टरही कौतुक करायचे. अच्युत ते मान खाली घालून ऐकायचा, आणि ऐकताना त्याची पाठ ताठ व्हायची.

रस्त्यावर पावलं वाजली की बुवा विचारायचे, “कोण गेलं रे?”

“कुणी नाही, बुवा.”

अशी काही वर्षं गेली. मग एका भाद्रपदात अच्युतला ताप आला. रात्री अंगावर काढला. सकाळी चूल पेटवायला उठला आणि खोलीतच कोसळला. बुवांच्या खाटेखाली पाण्याचा लोटा कलंडला.

“अच्युत?”

“उठतो... उठतो.”

तो गुडघ्यावर आला, पुन्हा पडला. छपराचे वासे डोळ्यांपुढे फिरायला लागले.

“हाक मार कुणाला तरी,” बुवा म्हणाले.

“थोडं पडतो. मग उठतो.”

बाहेर खुरप्याचा आवाज येत होता. हौसाबाई भुईमूग खुरपत होत्या. मधेच स्वतःशी गुणगुणत होत्या. एवढ्या जवळ.

बुवांनी स्वतःच हाक मारून पाहिली. नुसता श्वास बाहेर आला. खुरपं चालूच राहिलं.

“अच्युत, हाक मार रे.”

त्यानं तोंड जमिनीकडे फिरवलं.

ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं. बुवांना कुशीवर वळवायची वेळ टळून गेली. अच्युत जमिनीवर, बुवा खाटेवर. दोघांमध्ये हातभर अंतर.

“माझे हात गेले,” बुवा म्हणाले. “तुझा गळा कुठं गेला?”

“कोणत्या तोंडानं मारू?” अच्युत कसाबसा म्हणाला. “मीच त्यांना दारातून...”

“त्याच तोंडानं.”

अच्युतनं वर पाहिलं. बुवांचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

बाहेरचं खुरपं थांबलं. हौसाबाई घराकडे निघाल्या असाव्यात.

“हौसाबाई!”

आवाज फाटला. त्यानं पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. मग त्याला थांबताच येईना.

हौसाबाई धावत आल्या. हाताला माती तशीच. त्यांनी काही विचारलं नाही. पाणी भरलं आणि बुवांकडे वळल्या.

“आधी त्याला,” बुवा म्हणाले.

हौसाबाईंनी अच्युतचं डोकं मांडीवर घेतलं, भांडं ओठाला लावलं. किती वर्षांत कुणाचा हात त्याच्या कपाळाला लागला नव्हता. तो रडायला लागला. पाणी प्यायचं राहून गेलं.

“रडा नंतर. आधी प्या,” हौसाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी नवऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून बुवांना वळवलं. हात अंगाखाली अडकला, पाणी छातीवर सांडलं.

“हळू गं! पोतं आहे का मी?”

“पोतं बरं. ते बोलत नाही.”

बुवा हसले. दम लागेपर्यंत हसले.

त्यानंतर बुवांची खाट ओसरीवर आली. येणारे-जाणारे थांबू लागले. बुवा नाक खाजवायला प्रत्येकाला सांगायचे.

बुवा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हौसाबाईही नाहीत. त्यांच्या पोरांनी रान विकलं. अच्युत म्हातारा झालाय. मठात एकटाच असतो. संध्याकाळी ओसरीवर बसतो. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारतो. कुणी थांबतं, बरेचसे हात करून पुढे जातात.

कधी कुणी येऊन बसतं. बुवांचे चमत्कार विचारतं. अच्युत म्हणतो, चमत्कार काही नव्हता.

फारच आग्रह केला, तर तापातल्या त्या दिवसाचं शेवटचं बोलणं सांगतो.

हौसाबाई घरी गेल्या होत्या. दिवस कलला होता. अच्युतला घाम येऊन अंग हलकं झालं होतं.

“बुवा... तुम्हाला एकटं वाटायचं?”

“हो.”

“मी जवळ असताना?”

“तू जवळ असताना जास्तच.”

अच्युत कोपरावर टेकून उठला.

“माझं काय कमी पडलं, बुवा?”

बुवांनी मान त्याच्याकडे वळवली. तेवढीच त्यांना वळवता येत होती.

“कमी कुठलं? माझं सगळं केलंस तू... मला मात्र तुझं काहीच करू दिलं नाहीस.”