हडवेळच्या सीमेवरची सात गाठोडी

हा हडवेळच्या सीमेवरचा धोंडा. पौषातल्या दुसऱ्या शुक्रवारी इथे आलात तर सकाळी दहाच्या सुमाराला सात कर्ते पुरुष याच्या पलीकडे उन्हात उभे दिसतील. गावकर, परब, राऊळ, घाडी, आम्ही गुरव आणि आणखी दोन घरचे. प्रत्येकाच्या डोक्यावर गाठोडं, त्यात एक धोतरजोडी, शेरभर तांदूळ आणि एक नारळ. नवखा माणूस विचारतो, हे लोक गाव सोडून कुठे निघाले? कुठे जात नाहीत. विचारायला उभे आहेत.

तुम्ही हडवेळकर आडनाव लावता आणि तुमच्या पिशवीत रक्तावरून मूळ शोधणाऱ्या तपासणीचा एक कागद आहे, तो माझ्या नजरेतून सुटलेला नाही. आमच्याकडे येणारे बहुतेक असेच येतात. आधी देऊळ छान आहे म्हणतात, मग पाणी मागतात, मग हळूच म्हणतात, आमचं मूळ इथलं आहे असं आजोबा सांगायचे. रागावू नका. मूळ विचारणाऱ्या माणसाचा मला आधी संशयच येतो, कारण या गावाने एकदा मूळ विचारलं होतं. त्या कागदावर चार मुलखांचं रक्त लिहिलंय म्हणता. असेल. आता माझी गोष्ट ऐका, मी गुरवाच्या घरातला असल्यामुळे ती जरा काळजीपूर्वकच ऐका.

फार जुनी गोष्ट, असे सांगतात. त्या वर्षी गावच्या गोड्या विहिरीचं पाणी खारट झालं. एक महिना गेला, दोन गेले, गुरं तोंड लावीनात. तेव्हा गावाने देवीला कौल लावला. कौल म्हणजे देवीच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझ्याच पूर्वजाने, रामोजी गुरवाने, भल्या सकाळी गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं, "आये, गावात कोण परको रवता काय?" उजवी पाकळी पडली.

बस. तिथून गावाची झोप उडाली. परका कोण, हे काही देवीने सांगितलं नव्हतं. मग माणसं शेजाऱ्याच्या नाकाकडे बघायला लागली. घाडींच्या घरात घारे डोळे होते, इतकी वर्षं त्यांचं कौतुक व्हायचं, आता लोक मान वळवू लागले. परबांच्या घरी शनिवारी संध्याकाळी पडवीत एक दिवा लावून तो पाटीखाली झाकत, का ते त्यांनाही सांगता येईना. राऊळांच्या बायका बाळाला जे गाणं म्हणत त्यातला एकही शब्द कुणाला कळत नसे. ज्यांच्या पोरांचे केस कुरळे होते त्या आया दिवसातून दोनदा तेल थापून ते सरळ करत होत्या म्हणे. पंगतीत माणसं एकमेकांच्या पानाकडे बघत जेवू लागली.

जो तो दुसऱ्यावर बोट दाखवायला घाबरत होता, कारण आपल्याकडेही काहीतरी झाकलेलं आहे हे प्रत्येकाला आतून माहीत होतं. अशा वेळी जो एकटा सापडतो त्याच्यावर सगळ्यांचं लगेच एकमत होतं. इथे सापडली सावू.

सावू ही गावकराची धाकटी सून. रंगाने काळी, केस दाट कुरळे. गावकराच्या धोंडूने तिला खाजणातून आणली होती, खाडीच्या त्या चिखलवाटेतून. तिथे तिची आई कालवं काढून पोट भरायची. बाप कोण, कुळ कोणतं, कुणाला पत्ता नव्हता. लग्नाच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, कारण सावू चार बायांचं काम एकटी करत होती. आता सगळ्यांना एकदम आठवलं. सात घरांचे कर्ते देवळात जमले आणि निवाडा झाला: गावात जो परका असेल त्याने दिवस मावळायच्या आत गाठोडं बांधून सीमेपलीकडे जायचं. म्हणजे सावूने आणि तिच्या वर्षाच्या मुलीने.

धोंडू तिथेच खांबाला टेकून उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. मला या कथेत सगळ्यात जास्त चीड कुणाची येत असेल तर त्याची येते.

सावू मुलीला कडेवर घेऊन देवळाच्या पायरीपर्यंत आली. आत यायची तिला परवानगी नव्हती. ती म्हणाली, "तुमी गावाचा इचारलास. घराचा खंय इचारलास? देवी इचारल्याशिवाय सांगना नाय. आधी सात घरांचो कौल लावा, माजो शेवटाक लावा. मगे जातंय."

बोलणं वावगं नव्हतं. कौल विचारलं तेवढंच सांगतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, आणि तरीही सात शहाण्यांनी एकच प्रश्न विचारून उत्तर आपल्या सोयीने पुरं केलं होतं. रामोजीला नाही म्हणता येईना. त्याने पाकळ्या लावल्या आणि पहिला कौल गावकराच्या घराचा घेतला, या घरात परक्याचं रक्त आहे काय म्हणून. उजवी पाकळी पडली. गावकर म्हणाला, परत लाव. परत लावली, परत उजवी. मग परब, उजवी. राऊळ, उजवी. घाडींचा कर्ता आपला नंबर यायच्या आधीच खाली बसला. सहा घरं झाली आणि सातवं राहिलं गुरवाचं. रामोजीने स्वतःच्या घराचं नाव घेतलं, असे सांगतात, तेव्हा त्याचा आवाज देवळाबाहेर ऐकू गेला नाही. उजवीच पडली.

शेवटी सावूचा कौल. डावी पाकळी पडली. तीनदा लावला, तीनदा डावी. देवीच्या लेखी गावात परकी नसलेली तेवढी एकच बाई होती. बाकी सगळे कधी ना कधी, कुणी गलबतातून, कुणी घाटावरून, कुणी कुठल्या किल्ल्यातून पळून इथे आलेले. खाजणातली माणसं मात्र त्या सगळ्यांच्या आधीपासून इथे होती. ती चिखलात वाकलेली असत, म्हणून कुणी त्यांना मोजलं नव्हतं.

आता तुम्हाला शंका आली असेल, मला तर लहानपणापासून आहे. कुणी म्हणतात सावूने पाकळ्यांना फणसाचा चीक लावला. पण ती पायरीच्या वर चढली नव्हती. माझा संशय माझ्याच पूर्वजावर आहे. पाकळीला किती पाणी लावलं की ती केव्हा सुटते, हे मिसरूड फुटायच्या आधीच आम्हा गुरवांच्या बोटांना कळतं. रामोजीला त्या पोरीची दया आली असेल. पण मग त्याने स्वतःच्या घरावर उजवी का पाडली? डावी पाडून तो सुखरूप सुटला असता, आणि कुणाला कळलंही नसतं. इथे माझा संशय हात टेकतो.

निवाडा तर झालेला होता. जो परका त्याने गाव सोडायचं. देवळातला शब्द परत घेता येत नाही. सातही जणांनी घरी जाऊन गाठोडी बांधली आणि ते या धोंड्यापलीकडे येऊन उभे राहिले. पण जाणार कुठे? ज्याला आपण कुठून आलो हेच माहीत नाही त्याला परत जायला वाट नसते. दुपार टळत आली तेव्हा सावू मुलीला घेऊन आली. सासऱ्याने, गावकराने, डोक्यावरचं गाठोडं न उतरवता तिला विचारलं, "आमी हयसर ऱ्हवांव काय?"

ती म्हणाली, "खंयचे तुमी?"

सात पिढ्यांची नावं घडाघडा म्हणणारा तो माणूस म्हणाला, "ठावक नाय."

"मगे ऱ्हवा," सावू म्हणाली. एकेकाला तिने हेच विचारलं आणि एकेकाने हेच उत्तर दिलं. धोंडूच्या घरी मात्र ती परत गेली नाही. देवळामागे खोपटं बांधून राहिली. विहीर पुढच्या पावसाळ्यानंतर गोडी झाली. ती एरवीही झाली असती, असं मला वाटतं, पण हे देवळात बोलू नये.

आजही पौषातल्या शुक्रवारी सावूच्या वंशातली थोरली बाई या धोंड्याशी येते आणि एकेका घराला विचारते. सध्या आनशीबाय आहे, ब्याऐंशी वर्षांची. आम्ही दरवर्षी "ठावक नाय" म्हणतो, ती "ऱ्हवा" म्हणते आणि सगळे जेवायला जातात. वर्षानुवर्षं म्हटलं की शब्द गुळगुळीत होतात.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या नातवासाठी आलेलं एक स्थळ परत पाठवलं. मुलगी शिकलेली, नातवाच्या मनातली. पण तिच्या आईकडचं माणूस कुठलं ते कळेना, मी चार ठिकाणी चौकशी केली आणि नकार कळवला. त्या वर्षीच्या शुक्रवारी सहा घरांना आनशीबायने ऱ्हवा म्हटलं आणि माझ्यासमोर येऊन थांबली. "खंयचे तुमी?" मी नेहमीचं उत्तर दिलं. ती ऱ्हवा म्हणेना. परत म्हणालो. तरी नाही. सहा घरं पानांवर जाऊन बसली, त्यांची जेवणं उरकली, आणि मी सत्तरीचा माणूस डोक्यावर गाठोडं घेऊन पलीकडे उभा. मनात आधी संतापलो, हिला कुणी सांगितलं म्हणून सगळ्या गावावर संशय घेतला. मग कधीतरी तो राग सरला. मला खरोखरच भीती वाटली की ही आज नाही म्हणेल.

"माये, माका ठावक नाय," मी म्हणालो. तेव्हा पहिल्यांदा मला ते वाक्य खरं वाटलं आणि मला रडू आलं.

आनशीबायने माझ्या डोक्यावरचं गाठोडं स्वतःच्या हाताने उतरवलं. ती म्हणाली, "सावूचा चेडू धोंडूचाच मा? मगे माका तरी खंय ठावक आसा? ऱ्हवा." चेडू म्हणजे लेक, आणि धोंडूच्या घरावरही उजवीच पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईने दार उघडलं, मला ओळखलं, आणि आत या म्हणण्याआधी तिने विचारलं की आज काय चौकशी करायला आलात.

मी म्हणालो, आज विचारायला नाही, मागायला आलोय. तिने दार लावून घेतलं नाही. मीही पायरीखालून हललो नाही.