आवाजांचा रांजण

एका राज्यात फाल्गुन लागला, पण पळस फुलला नाही, कोकीळ बोलला नाही आणि पोरांच्या तोंडून तर वर्षभर शब्द फुटला नव्हता. तान्ही बाळं रडायची, तीही नुसती तोंड उघडून. बघणाऱ्या आयांच्या काळजाचं पाणी पाणी होई.

राजकन्या हेमकळा हिला एक खोड होती. ‘का?’ विचारल्यावाचून तिला घास गिळवत नसे. पाच वर्षांच्या भावानं तिला वर्षभरात ‘ताई’ म्हटलं नव्हतं, मग ती स्वस्थ कशी बसेल? वठल्या पळसावर लाल डोळ्यांचा भारद्वाज राही. त्याला सगळं ठाऊक असे. ती त्याच्यापुढे उभी राहिली.

“पक्षिराज, आमची पोरं मुकी का झाली?”

“गेल्या शिमग्याला पोरांनी तुझ्या पित्याच्या नावानं बोंब मारली. त्याचा मान दुखावला. पुन्हा बोंब माराल तर जीभ छाटीन, म्हणाला. राजा बोले, दळ हाले. पण ढुंढा राक्षसी ना देवाला भिते, ना शस्त्राला. भिते ती फक्त शिमग्याच्या बोंबेला. बोंब थांबली, ढुंढा आली. तिनं आवाज रांजणात कोंडले.”

“उपाय?”

“तीन गोष्टी. धन्याला न विचारता आणलेलं लाकूड. बाळंतिणीच्या शेगडीतला विस्तव. आणि राजाच्या नावानं बोंब, जी राजा निमूट ऐकून घेईल. उद्याची पौर्णिमा टळली, तर आवाज कायमचे गेले.”

पहिलं काम सोपं. होळीसाठी चोरलेल्या लाकडाबद्दल धन्यानं ब्र काढायचा नसतो, ही तर जुनीच रीत. मग चोरायचं तर थोरामोठ्याचंच! हेमकळेनं करवत घेतली आणि सिंहासनाचा एक पाय कापून आणला. तिथं वीट लावायला मात्र ती विसरली नाही.

दुसऱ्या कामाला ती कुंभारणीच्या दारी गेली. शेगडीशेजारी तीन दिवसांची मुलगी मूकपणे रडत होती.

“विस्तव घ्या, बाईसाहेब,” कुंभारीण म्हणाली. “पण माझ्या लेकीचा आवाज घेऊन या. तो मी एकदाही ऐकला नाही.”

पौर्णिमेला दिवस मावळता मावळता माळावर होळी रचली. ढुंढा तिथंच बसली होती, राखेच्या रंगाची, मांडीवर झाकलेला रांजण घेऊन.

“तुला आवाज कशाला गं?” हेमकळेनं विचारलं.

“ऐकायला. माझ्या घरी कुणी बोलत नाही.”

हेमकळेला तिची दयाच आली. पण कुंभारीण वाट पाहत होती. हेमकळेनं होळीत विस्तव टाकला. धूर निघाला, ज्वाळा निघेना. होळीला आलेला राजा समोर उभा, शेजारी तलवार घेऊन सेनापती. तरी तिनं उलटा हात तोंडावर नेला.

“पोरांच्या हसण्याला भ्यालेल्या राजाच्या नावानं, बों बों बों!”

सेनापतीनं तलवार उपसली. राजाचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात त्याला लाकडांत सिंहासनाचा पाय दिसला आणि स्वतःच्या पायाशी आपला मुलगा दिसला. पोर पोट धरधरून हसत होतं, पण आवाजाविना. वर्षभरात राजानं ते हसू ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

त्यानं हात उचलला. आता शिक्षा, असं सगळ्यांना वाटलं. पण तो उलटा हात राजानं स्वतःच्याच तोंडावर नेला आणि स्वतःच्याच नावानं अशी बोंब ठोकली, की रांजण फुटला, होळी भडकली आणि ढुंढा सीमेपार पळाली. आवाज गर्दीत शिरून आपापली तोंडं शोधू लागले. कुंभारणीची लेक टाहो फोडून रडली आणि कुंभारीण हसता हसता रडली.

राजपुत्राला आवाज मिळाला, तो म्हणाला, “ताई!” आणि लगेच, “तातांच्या नावानं, बों बों बों!”

सकाळी पळस फुलला होता. सुतार नवा पाय घेऊन आला, पण राजानं त्याला परत पाठवलं. त्या राज्याचं सिंहासन अजून विटेवर आहे, जरासं डुगडुगतं. बसणारा राजा सांभाळून बसतो.