अध्यक्षांचं नाक आणि काचेचं घड्याळ

समुद्रात पोहणाऱ्या मुलींसाठी संस्थेला घड्याळं घ्यायची होती. अध्यक्ष रावराणे टचस्क्रीनवरच अडून बसले. “बटणं आता रेडिओलासुद्धा नसतात.”

प्रशिक्षक हेमांगी तांडेलला ठाऊक होतं, ओल्या बोटांना ती काच दाद देत नाही आणि भर समुद्रात पोरींची वेळ मोजायची राहते. पण तिने वाद घातला नाही, रावराण्यांना घरी जेवायला बोलावलं. त्यांचा उजवा हात खेकड्याच्या रश्शात बरबटल्यावर ती म्हणाली, “साहेब, तुमच्या घड्याळातलं स्टॉपवॉच सुरू करून दाखवता का?”

रावराण्यांनी बोटांकडे पाहिलं, मान वाकवली आणि डाव्या मनगटावरच्या काचेला ऐटीत नाक टेकवलं. “बघ. झालं की नाही सुरू?”

“झालं,” हेमांगी भात वाढत म्हणाली. “पण साहेब, आमच्या पोरींना पाण्यात नाक श्वासाला लागतं.”