मानाचं चाक

"टायर बघा, टायर बघा म्हणून घसा फोडला मी, पण एकाही मेल्यानं ऐकलं नाही!"

शेवंतानं पदर खोचला आणि भर गाडीखान्यात पाथरगडच्या भुजंगराजांपुढं उभी राहिली. मागच्या फळ्यावर खडूनं तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं होतं: लिंबाजी ड्रायव्हर. राजवाड्याची रीतच होती ती. ज्याच्या चुकीनं गाडी बिघडली, त्याचं नाव फळ्यावर. आणि ड्रायव्हरचं नाव फळ्यावर चढलं की दिवस मावळायच्या आत नोकरी गेली, गाडीखान्यामागची खोलीही गेली!

झालं होतं असं. गेल्या दिवाळीत राजांनी नवी गाडी घेतली. चारही चाकं एकदम ओढणारी, डोंगर सरसर चढणारी. वर्षभर गुणाची निघाली. पण यंदा दसरा उलटला आणि तिला खोड लागली. सरळ रस्त्यावर गुरगुरायची, वळणावर पोटातून ठक्‌ ठक्‌ करायची आणि अडेल म्हशीसारखी अंग आवळून धरायची. शहरातून इंजिनिअर आला. त्यानं वायर जोडली, पडद्यावर बघितलं आणि सांगून टाकलं, "चाकांना ताकद वाटून देणारी पेटी तापतेय. ड्रायव्हर वळणावर गाडी पिळतो. पेटी बदला आणि ड्रायव्हरही बदला!"

राजे शेवंताला म्हणाले, "इंजिनिअरला कळत नाही आणि तुला कळतं? शिकलीस किती?"

"चौथी! पण लोहाराची लेक आहे, सरकार. बाप बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचा, तेव्हा भाता मी ओढायची. चाकाचं मला सांगू नका!"

लिंबाजीनं तिचा पदर ओढला. "अगं, गप की!"

"तुम्ही गप बसलात, म्हणूनच फळ्यावर बसलात!"

राजे हट्टाला पेटले. "मग दाखव! एक नट उघडायचा नाही. इंजिन चालू करायचं नाही. त्या वायरीला हात लावायचा नाही. पण दिवस मावळायच्या आत दुखणं माझ्या डोळ्यांना दिसलं पाहिजे!"

"आणि दिसलं तर?"

"तर ज्याची चूक, त्याचं नाव फळ्यावर. मग तो कुणीही असो!"

"कुणीही?"

"राजाचा शब्द आहे, बाई!"

"बघा हं! शब्द परत गिळायला गेलं की घशात अडकतो."

शेवंतानं नवऱ्याच्या खिशातली चुन्याची डबी काढली. चारही टायरांच्या बाजूला, अगदी जमिनीलगत, बोटानं एकेक ठिपका लावला. लिंबाजीला गिअर मोकळा करायला लावला आणि आठ शिपाई गाडीमागं उभे केले.

"सरळ ढकला! सरकार, डाव्या पुढच्या चाकाचे दहा फेरे तुम्हीच मोजा. नंतर म्हणाल, बाईनं गाळले!"

राजे गाडीबरोबर चालत मोजू लागले. आठ... नऊ... दहा! गाडी थांबली. डाव्या पुढच्या चाकाचा ठिपका जमिनीलगत. मागच्या दोन्ही चाकांचेही जमिनीलगत. आणि उजव्या पुढच्या चाकाचा? चांगला वीतभर वर!

"तिघं पोचले, चौथा अजून वाटेवर!" शेवंता म्हणाली. "बाकीचे तीन टायर झिजलेत, हा कोरा करकरीत जाड. याचं पाऊल लांब, त्यांचं आखूड, आणि जुंपलंय चौघांना एकत्र! ती पेटी बिचारी दिवसभर चौघांचं भांडण सोडवते. तापणार नाही तर काय?"

इंजिनिअर खाली वाकला. टायरांच्या खाचांत बोट घालून बघितलं. "खरंच की! मी पडद्यावरच बघत राहिलो, खाली वाकलोच नाही."

"वाकलं की इस्त्री मोडते ना!"

राजे कडाडले, "चारांत एकच टायर नवा? कुठल्या गाढवानं सांगितलं?"

लिंबाजी आपल्या पायाचे अंगठे बघू लागला.

"सरकार," शेवंता म्हणाली, "खंडेनवमीच्या पूजेला आपल्याकडं उजव्या पुढच्या चाकाचा मान. लिंबू त्याच्याखाली, हळदकुंकू त्यालाच. थोरल्या सरकारांपासून त्या दिवशी मानाच्या चाकाला नवा टायर चढतो. जुन्या जीपला ते खपलं, तिला मागची दोनच चाकं ओढायची. यंदा हे म्हणाले होते, चारही बदलू. तर वरून उत्तर आलं, 'बाकीच्यांना कुठला मान?'"

"कोण म्हणालं असं?"

"ज्याच्या तोंडचं वाक्य, त्याला आठवत असेल."

राजांची मिशी थरथरली. मग पोट हललं. आणि मग असे हसले, असे हसले, की गाडीच्या टपाला धरून उभं राहावं लागलं!

"चारही टायर नवे आणा रे! लिंबाजी, खोली तुझीच. आणि शेवंताबाई, गाडीखान्याच्या किल्ल्या आजपासून तुमच्या कमरेला. तुम्ही वाकून बघितल्याशिवाय माझी एकही गाडी फाटकाबाहेर जायची नाही!"

"किल्ल्या घेते, सरकार. पण आधी खडू द्या."

राजांनी स्वतःच्या हातानं खडू दिला. शेवंतानं नवऱ्याचं नाव पदरानं पुसलं आणि चौथीच्या ठळक, गोल अक्षरात फळ्यावर लिहिलं:

श्रीमंत भुजंगराजे.