मऊ मातीतले वारूळ

मुलांनो, एका माळरानावर, मुरमाच्या टेकाडात, मुंग्यांचे एक वारूळ होते. टेकाडाच्या पायथ्याशी ओढ्याकाठी काळ्या मातीचा एक तुकडा होता. त्यात रानसावा असा माजायचा, की गळलेले दाणे वेचतानाच मुंग्यांची दमछाक होई. मुरूम खणताना मात्र जबडे झिजत. शेवटी मुकादम मुंगी म्हणाली, "बायांनो, शेजारी एवढी मऊ माती असताना दगडात डोकं कशाला फोडायचं?" सगळ्यांना ते पटले.

मग काय विचारता! काळ्या मातीत सात मजली वारूळ झाले, रुंद रस्ते झाले आणि सर्वांत वरच्या मजल्यावर मधोमध एवढे मोठे कोठार, की त्यात चार बेडूक सुखाने नांदले असते. पिल्ले सांभाळणारी एक दाई मुंगी ते पाहून चालायचेच विसरली. आपल्यासारख्या एवढ्याशा जिवांनी हे उभारले, या विचाराने तिचा ऊर भरून आला. खणलेली माती वर साव्यावर पडत होती, कोवळी रोपे गाडली जात होती, हे तिनेही पाहिले. पण मुकादम म्हणाली, "सावा काय, ओढ्यापलीकडेही आहे की!" आणि दाई पुन्हा पिल्लांकडे वळली.

पुढच्या वर्षी दाणे पलीकडून, ओढ्यावर आडव्या पडलेल्या बाभळीच्या फांदीवरून येऊ लागले. भादव्यात ओढ्याला लोंढा आला आणि फांदी वाहून गेली. चार दिवसांत कोठार रिकामे झाले. छताजवळच्या एका कोपऱ्यात थोडेसे दाणे काय ते उरले, आणि पिल्ले तर तोंड वासून बसलेली.

दाई ते दाणे आणायला गेली. साठवणीतल्या दाण्याला कोंब फुटला, की तो कुरतडून टाकायचा, ही मुंग्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यातल्या अगदी छतालगतच्या एका दाण्याला ओलाव्याने कोंब आलाच होता. तिने जबडा उघडला आणि ती तशीच थबकली. छतातला जो खडा चाळीस मुंग्यांना हलवता आला नव्हता, तो त्या केसाएवढ्या कोंबाने वर उचलला होता! फटीतून सूर्याचा उजेड आत येत होता. एवढे बळ तिने जन्मात पाहिले नव्हते.

"अगं, कुरतड लवकर! छत खाली येईल," मुकादम ओरडली.

"येऊ दे. एवढं बांधलंस बाई, पण यातल्या एका तरी भिंतीला दाणा लागला का?"

"आणि पिल्लांना काय घालशील?"

"अर्धे दाणे पिल्लांना. आपण उपाशी राहू. उरलेले मातीत."

राणी मुंगी मागे उभी राहून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "वारूळ मोडा. माती मोकळी करा."

सात मजले मोडायला तीन दिवस लागले. मुकादम रडत होती, पण सर्वांच्या पुढे तीच होती. ओढा आठ दिवसांनी उतरला. सगळी पिल्ले वाचली, असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही.

मुंग्या पुन्हा टेकाडावर गेल्या आणि मुरमात जबडे झिजवू लागल्या. कार्तिकात काळ्या तुकड्यावर सावा डोलू लागला. वाचलेल्या पिल्लांच्या आता मुंग्या झाल्या होत्या. त्यांना घेऊन दाई खाली आली, तर सगळ्या जणी माना वर करून बघतच राहिल्या. तेवढ्यात पहिला दाणा गळला. मुकादमने तो उचलला, घराच्या दिशेने दोन पावले टाकली, मग ती परत फिरली आणि तिने तो तिथेच मातीत दाबून ठेवला. घरी नेला तो दुसरा दाणा.

तात्पर्य : घर मुरमातही बांधता येते, पण दाणा पिकवणारी माती कुणालाच बांधता येत नाही, म्हणून घर बांधताना ती आधी वाचवावी.